ज्ञान पोस्ट : अर्धे राहिलेले पुस्तक मावशीकडे पोहोचवणारी सेवा

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या 'ज्ञान पोस्ट' या सेवेने मी पहिले पुस्तक पाठवले ते चंद्रपूरच्या मावशीला. हे पुस्तक नवे विकत घेतलेले नव्हते. गेल्या पावसाळ्यात आईची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मावशी पुण्याला येऊन तीन आठवडे राहिली होती. दुपारी ती आईला जात्यावरच्या ओव्यांवरील लेखांचे हे पुस्तक वाचून दाखवत असे. आणि रात्री, आईच्या उशाशी मला जागे राहता यावे म्हणून, तिने माझ्या हातात क्रोशाची सुई दिली आणि साखळी व खांब घालायला शिकवले. ती परत गेली तेव्हा पुस्तक अर्धेच वाचून झाले होते, आणि ११२व्या पानात खुणेसाठी घातलेला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तसाच राहिला होता. फोनवर आभाराचा शब्द काढला की ती "आभार कसले मानतेस गं" म्हणून विषय बदलते. ते पुस्तक तिच्या हाती पडावे, एवढीच माझी इच्छा होती.

टपालाने पुस्तके पाठवणाऱ्यांना डिसेंबर २०२४ नक्की आठवत असेल. नोंदणीकृत बुक पोस्टची सवलतीची सेवा त्या महिन्यात बंद झाली, आणि शंभर-सव्वाशे रुपयांचे लहान पुस्तक पाठवायचे तर पाठवणावळ पुस्तकाच्या किमतीला भिडू लागली. मधल्या काळात मी एका खासगी कुरिअरचा आधार घेतला होता. तेव्हा एका मैत्रिणीला पाठवलेले पुस्तक तिला कोपरे दुमडलेले आणि पाठीकडून भिजलेले मिळाले. त्यामुळे ज्ञान पोस्टचे दर कळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला वीस रुपये, आणि तेथून वजनाप्रमाणे वाढत पाच किलोपर्यंतच्या पाकिटाला शंभर रुपये, असा हा दर आहे, कर वेगळा. पाकीट विमानाने न जाता जमिनीवरच्या वाहतुकीने जाते, हे यातले मुख्य गणित आहे. तरीही त्याला क्रमांक मिळतो, आणि ते कोठपर्यंत पोहोचले हे घरबसल्या पाहता येते. जुन्या साध्या बुक पोस्टला ही सोय नव्हती.

पुस्तक मी आधी वर्तमानपत्राच्या कागदात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि शेवटी खाकी कागदात गुंडाळले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळे मिळून २८० ग्रॅम भरले. आत काय आहे ते काउंटरवर पाहता यावे म्हणून एक बाजू न चिकटवता तशीच नेली, वर ठळक अक्षरांत 'ज्ञान पोस्ट' लिहिले आणि पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड घातला. पिनकोड लिहिताना मला श्रीराम भिकाजी वेलणकरांची आठवण होते. संस्कृतात कविता आणि नाटके लिहिणाऱ्या या मराठी टपाल अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची गावे आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांच्या गुंत्यातून आपली पाकिटे आजही तिच्याच आधाराने वाट काढतात.

सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक स्वरूपाच्या छापील पुस्तकांसाठी आहे, आणि पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते. ठरावीक काळाने निघणारी नियतकालिके आणि जाहिराती असलेले अंक तिच्यात बसत नाहीत. मराठी वाचकाला हे लागणारे आहे, कारण आपल्याकडे दिवाळीत एकमेकांना सर्वांत प्रेमाने पाठवली जाणारी वाचनाची वस्तू म्हणजे दिवाळी अंक, आणि त्याचा खर्च जाहिरातींवरच निघतो. जाहिरातींच्या पुरवण्यांना सवलत नको, हे मला पटते. दिवाळी अंकासाठी मात्र खात्याने वेगळी वाट काढावी, असे मनापासून वाटते.

पाकिटात पुस्तकच जायचे, म्हणून सोबत चिठ्ठी नाही आणि विणलेली खूणही नाही. मावशीचा दोऱ्याचा तुकडा मी काढून घेतला आणि त्याच्या जागी देण्यासाठी २० नंबरच्या पांढऱ्या सुती दोऱ्याची खूण विणली. पंधरा साखळ्यांपासून सुरुवात करून पंख्यांच्या नक्षीच्या ओळी बोटभर रुंदीत वर चढवत नेल्या, आणि टोकाला तिचा तो जुना तुकडा घालून गोंडा बांधला. विणून झालेली पट्टी हातात घेतली की कडेने मुडपते. तिला साबुदाण्याची पातळ खळ द्यावी लागते, पाटावर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवावे लागते आणि वर ओलसर फडके ठेवून इस्त्री फिरवावी लागते. मग प्रत्येक खांब वेगळा उठून दिसतो. ही पट्टी आणि एक पानी पत्र मिळून वीस ग्रॅमच्या आत बसले, म्हणजे पाच रुपयांच्या साध्या लिफाफ्याचे काम झाले. "ती. मावशीस, सा. न. वि. वि." असे लिहून मी पुढे त्या तीन आठवड्यांबद्दल फोनवर कधीच न बोललेले सगळे लिहिले आणि शेवटी ११२ हा आकडा घातला.

पुस्तक सहाव्या दिवशी पोहोचले. कोपरे शाबूत होते, कागद कोरडा होता. घाईचे काम असेल तर स्पीड पोस्टच करावे. पण भेट म्हणून, परतफेड म्हणून किंवा गावच्या वाचनालयासाठी पुस्तके पाठवणाऱ्याला सहा दिवस थांबणे जड जाणार नाही. वीस रुपयांत इतके नीट पोहोचवणाऱ्या काउंटरवरच्या, गाडीतल्या आणि शेवटी जिना चढून जाणाऱ्या सगळ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

दहा दिवसांनी मावशीचे पोस्टकार्ड आले. सव्वाशे वर्षांहून जुनी, १८७९ सालापासूनची ही सोय आजही पन्नास पैशांत मिळते, आणि मावशीने तिची एकही रेघ वाया घालवलेली नाही. पत्त्याच्या कडेलाही बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. आईचा गुडघा कसा आहे, असे तिने विचारले आहे. पुस्तक ११२ पासून पुढे न वाचता पहिल्या पानापासून पुन्हा काढले आहे, आणि रोज एक लेख शेजारच्या काकूंना वाचून दाखवते, असे लिहिले आहे. पंखे एकसारखे आले आहेत, हेही लिहिले आहे. कडेच्या दोन ओळींत, तिकडच्या दुकानात हा बारीक दोरा मिळत नाही, चार गुंड्या पाठव, असे आहे. दोरा ज्ञान पोस्टने जात नाही, त्यामुळे त्या गुंड्या पार्सलने जातील. आईने वाचायला सुचवलेले दुसरे पुस्तक मात्र मी कालच खाकी कागदात गुंडाळून ठेवले आहे.