मॅनिटॉल की सॉर्बिटॉल? लॅबसाठी काय घ्यायचं
दोन्ही शुगर अल्कोहोल, म्हणजे साखरेसारखे गोड पदार्थ; दोघांचं सूत्र एकच, फरक फक्त एका कार्बनवरच्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटाच्या दिशेचा, पण वागणं केवढं वेगळं! सॉर्बिटॉल हवेतलं पाणी ओढतं, नाशकातल्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली की गठ्ठाच होतो, मॅनिटॉल मात्र कोरडंच राहतं म्हणून फ्रीझ-ड्राइंगला (गोठवून वाळवायला) तेच बरं. मायक्रोबायोलॉजीत तर मॅनिटॉल मला जास्त आवडतं, मॅनिटॉल नि ७.५ टक्के मीठ घातलेल्या गुलाबी आगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू वाढला की त्याच्या कॉलनीभोवती (ठिपक्याभोवती) पिवळंजर्द होतं, बघतच राहावं! सॉर्बिटॉलचं आगार ई. कोलाय ओ१५७ हा आजार करणारा जिवाणू शोधायला, त्याच्या कॉलनी बिनरंगी दिसतात. फक्त मॅनिटॉलचं २० टक्के द्रावण डिसेंबरच्या थंडीत खडे धरतं, मग कोमट करून पूर्ण विरघळवूनच वापरा, सॉर्बिटॉल पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं.