म्हापशात लिनक्सची जाण असलेले दुरुस्तीचे दुकान

गोव्यातील म्हापसा बाजारालगतच्या या छोट्या दुकानात लिनक्सचा (विंडोजसारखीच, पण मुक्त असलेली संगणक-प्रणाली) लॅपटॉप नेला, तर ‘आधी विंडोज टाकूया’ हे ठरलेले उत्तर मिळत नाही. माझा लॅपटॉप काम करताना अचानक गोठत असे. तंत्रज्ञाने ‘जर्नलसीटीएल’ या लिनक्सच्या आज्ञेने लॅपटॉप मागच्या वेळी सुरू झाल्यापासूनच्या नोंदी वाचल्या, ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्क तपासणाऱ्या साधनाने डिस्क निर्दोष असल्याची खात्री करून घेतली आणि मगच रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती) तपासणारी ‘मेमटेस्ट’ रात्रभर चालवली, तेव्हा एका रॅमच्या पट्टीत चुका दिसल्या. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेने तिच्या सोनेरी टोकांवर मळकट थर धरला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसल्यावर चुका थांबल्या. नवी रॅम गळ्यात मारण्याची आयती संधी त्यांनी सोडली, हे विशेष. प्रिंटरच्या तक्रारी मात्र ते शक्यतो टाळतात, आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास काम लांबते.