उतारावर १७६ : जीपीएस घड्याळ नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या मंगळवारी कंपनीचा शेवटचा मेल आला : तुमची तक्रार निकाली काढली आहे. माझे कुरिअरचे २८० रुपये मात्र आले नाहीत. म्हणून आज हे लिखाण पूर्ण करायला बसले.

डिसेंबरात २४,९९० रुपये मोजून घेतलेलं हे मधल्या किमतीचं धावण्याचं घड्याळ. त्याची फीचर्स धावणाऱ्या सगळ्यांना पाठ आहेत, ती इथे परत लिहीत नाही. जीपीएस उत्तम, बॅटरी आठवडाभर सहज जाते, पहाटेच्या अंधारात आकडे स्वच्छ दिसतात. मला लिहायचं आहे ते त्यातल्या एकाच आकड्याबद्दल, दिवसभरात जळलेल्या कॅलरी. त्या आकड्याकडे बघून मी जवळजवळ सहा महिने जेवले, आणि त्याची किंमत माझ्या शरीराने मोजली.

वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन तेव्हा ५४ किलो. साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते, म्हणजे दिवसातले पाच तास उभी. आठवड्याला साधारण ६० किलोमीटर धावते, रविवारी लांब पल्ला. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत. सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे निम्मे लोक तिथेच भेटतात.

घड्याळ आल्यावर पहिले दोन महिने मी फार खुशीत होते. रात्री झोपताना ते सांगायचं, आज २,६०० जळल्या. रविवारी ३,३०० पर्यंत जायचा आकडा. फोनमधलं जेवणाचं अ‍ॅप त्याला जोडलेलं होतं, त्याने हिशेब करून सांगितलं की रोज २,३०० खाल्लं तर वजन हळूहळू उतरेल. मी एकही घास न लपवता सगळं नोंदवत होते. दहा आठवड्यांनी काट्यावर उभी राहिले तर ५६.३. उतरायच्या ऐवजी सव्वादोन किलो वाढलं होतं.

मग मी चिडले आणि चूक केली. चिडल्यावर माणूस हिशेब तपासत नाही, सरळ ताट कमी करतो. फेब्रुवारीअखेरपासून मी अ‍ॅपवर १,७०० चं बंधन घातलं. सकाळी धावून आल्यावर फक्त चहा, दुपारी डब्यात एक भाकरी आणि भाजी. वजन उतरलं, मेच्या मध्याला ५२.५ होतं. पण जिना चढताना मांड्या भरून यायच्या, दुपारच्या तासाला वर्गात डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि एप्रिल आणि मे हे दोन्ही महिने पाळी आली नाही. सासूबाईंनी एकदा ताटाकडे बघून विचारलं, "भाकरी घड्याळाला इचारून खातीस व्हय गं?" मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, घरात पहिल्यांदा नेमका प्रश्न त्यांनीच विचारला.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी थायरॉइडसकट सगळ्या तपासण्या केल्या, त्या ठीक आल्या. मग त्यांनी खाण्याचं विचारलं. मी अभिमानाने अ‍ॅप दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे राहू दे. वही घाला, तराजू घ्या, आणि महिनाभर नीट खा." जाळलेलं आणि खाल्लेलं यात मोठी तूट पडली की शरीर पाळीसारखी कामं बंद करून वीज वाचवतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं, आणि हा धोका फक्त बायकांना नाही, पुरुष धावपटूंनाही आहे. मोजायची रीत सोपी आहे. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून धावण्यात गेलेल्या वजा करायच्या, उरलेल्यांना चरबी सोडून उरणाऱ्या वजनाने भागायचं. ४५ च्या आसपास आलं तर चांगलं, ३० च्या खाली धोक्याचं. माझं चरबी सोडून वजन अंदाजे ४१ किलो. एप्रिलच्या एका रविवारी २१ किलोमीटरमध्ये साधारण १,१३० गेल्या होत्या आणि पोटात दिवसभरात १,९०० गेल्या होत्या. उरल्या ७७०. भागून बघा, १९ सुद्धा येत नाहीत. एवढ्यात हृदय, मेंदू, हाडं, सगळ्यांनी भागवायचं. आणि त्या रात्री घड्याळाने मला हिरवं वर्तुळ दाखवून शाबासकी दिली होती.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात घड्याळाच्या पाठीमागच्या काचेत वाफ धरली. तीन दिवसांत हृदयाचे ठोके दिसायचे बंद झाले. साताऱ्यात त्यांचं सर्व्हिस सेंटर नाही, पुण्याला पाठवा म्हणाले. पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर, पाण्याने बिघाड, वॉरंटीत बसत नाही. ज्या खोक्यावर ५० मीटर पाण्यात चालेल असं छापलंय, ते घड्याळ पावसात धावल्याने बिघडलं तर दोष माझा? मी त्या खोक्याचा फोटो, मॅन्युअलचं पान आणि बिल जोडून अकरा मेल केले. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी सुरुवातीपासून गोष्ट. अखेर सव्विसाव्या दिवशी बदलून दुसरं पाठवलं. पाठवायचा खर्च आम्ही देऊ असं फोनवर सांगितलं होतं, ते २८० रुपये अजून बाकी आहेत. रक्कम लहान आहे, पण शब्द दिला होता.

त्या सव्वीस दिवसांनी मात्र माझं भलं केलं. साडेचारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला तराजू आणला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वही घातली. पहिल्याच दिवशी भाकरीचा गोळा मोजला. पीठ ८० ग्रॅम भरलं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३३० च्या वर कॅलरी असतात, म्हणजे आमच्या घरची एक भाकरी २६५ ची. अ‍ॅपमध्ये 'भाकरी, एक नग' १२० ची होती. कुणाच्या घरची भाकरी मोजली होती कोण जाणे, आमच्या परातीतली नव्हे.

मग तेल. प्रत्येक भाजीत किती चमचे पडलं हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून मी उलटा हिशेब केला. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपतं. म्हणजे माणशी रोज साधारण ३० ग्रॅम, आणि ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर २७०. अ‍ॅपवर मी दिवसाला दोन चमचे तेल टाकत होते, म्हणजे नव्वदच्या आसपास. शेंगदाण्याचं कूट तर मी नोंदवतच नव्हते. आपल्याकडे ते आमटीत, भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, सगळीकडे पडतं, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५०० च्या वर कॅलरी असतात. हिवाळ्यात मी २,३०० खातेय असं समजत होते, तेव्हा खरं खाणं २,५०० च्या जवळ होतं. एका बाजूला घड्याळ खर्च फुगवून सांगत होतं, दुसऱ्या बाजूला अ‍ॅप जमा कमी लिहीत होतं.

खर्चाचा हिशेबही कागदावर मांडला. नुसत्या विश्रांतीत किती कॅलरी लागतात हे काढायला १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओरचं सूत्र आजही चांगलं मानतात. वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने, बेरजेतून वयाची पाचपट वजा करा, बाईसाठी आणखी १६१ वजा, पुरुषासाठी ५ मिळवा. माझे १,१७७ आले. नुसतं पडून राहिलं तरी एवढे लागतात. शाळा आणि घरकाम धरून दीडपट केले, १,७६५. धावण्याला दर किलोला दर किलोमीटरला एक कॅलरी धरतात. आठवड्याचे ६० किलोमीटर म्हणजे ३,२४०, दिवसाला ४६०. बेरीज २,२३० च्या आत. इथे धावणं वेगळं मिळवलंय म्हणून आधीचा गुणक धावणं सोडूनच धरायचा. काही अ‍ॅपवाले आधी तुम्हाला 'खूप सक्रिय' म्हणून मोठा गुणक लावतात आणि वर घड्याळातलं धावणं पुन्हा मिळवतात. एकच काम दोनदा मोजलं जातं. शिवाय घड्याळाच्या धावण्याच्या आकड्यात त्या तासाभरात नुसतं बसूनही गेल्या असत्या त्या पन्नासेक कॅलरी असतात, त्याही दोनदा.

रोज सकाळी उपाशीपोटी वजन, सात दिवसांची सरासरी, आणि वहीत खाल्लेलं. आधी हळूहळू वजन ५४ वर आणलं. तिथून पुढे पाच आठवडे सरासरी २,२५० खाल्लं आणि वजन ५३.९ ते ५४.१ मध्येच राहिलं. तीच माझी गरज. सूत्राने २,२३० सांगितलं होतं, घड्याळाने २,६००. जुलैच्या शेवटी पाळी आली.

आता उतारावरचं १७६. बदलून आलेलं घड्याळ घालून मी पुन्हा घाटात गेले. घाटात सरासरी पाच टक्के चढ धरला तर वर जाताना सपाटीपेक्षा तीस टक्के जास्त ऊर्जा लागते आणि येताना जवळजवळ पाव हिस्सा कमी. मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ट्रेडमिलवर वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावणाऱ्यांचा ऑक्सिजन मोजून दिलेल्या सूत्रातून हे निघतं. म्हणजे घाट चढून परत आलं तर एकूण खर्च सपाटीपेक्षा तीनेक टक्केच जास्त. छातीत चढ कितीही भरला तरी उतार ते परत करतो. माझ्या २१ किलोमीटरचे फार तर १,१७० व्हायला हवेत. घड्याळ सांगत होतं १,५४०.

उतरताना एका वळणावर मनगटाकडे बघितलं. हृदयाचे ठोके १७६. श्वास तर शांत होता, बोलता येत होतं. थांबून मानेवर दोन बोटं ठेवली, पंधरा सेकंदांत ३४ ठोके, म्हणजे १३६. थांबल्यावर ठोके लगेच उतरतात, म्हणून पुढच्या रविवारी ग्रुपमधल्या एका ताईंचा ठोके मोजणारा छातीचा पट्टा मागून घेतला. पट्टा १४६ दाखवत होता, मनगट १७६. आणि खालच्या ओळीत मिनिटाला पावलं किती? १७६. घड्याळ माझं हृदय मोजतच नव्हतं, पावलं मोजत होतं. पाठीमागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची लय टिपतो. उतारावर हात हिसके खातो, घामाने घड्याळाचा पट्टा सरकतो, आणि पावलांची लय रक्ताच्या लयीपेक्षा मोठी होऊन बसते. त्या खोट्या ठोक्यांवरून घड्याळ कॅलरी काढतं. दर रविवारी पावणेचारशे जास्त, म्हणजे जवळजवळ दीड भाकरी. मी पाच रविवार हे तपासलं, पाचही वेळा तेच.

इथपर्यंतचं मी दोन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिणार होते. पण पट्टा हाताशी होता म्हणून सपाटीवरही तपासलं. पहाटे थंड हवेत, घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट बांधून १० किलोमीटर. ठोके एक-दोनच्या फरकाने जुळले. कॅलरी ५७५, माझ्या हिशेबाने ५४०. हा फरक मी मान्य करते. उन्हाळ्यात मात्र हाच रस्ता त्याने ६५० चा दाखवला होता, कारण उष्णतेने ठोके वाढतात, जळणं तेवढं वाढत नाही. म्हणून 'घेऊ नका' खोडलं.

हा दोष एकाच कंपनीचा नाही, म्हणून नाव लिहीत नाही. स्टॅनफर्डने २०१७ साली मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. ठोके सातांपैकी सहांचे पाच टक्क्यांच्या आत होते, पण कॅलरी सगळ्यात बरं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. आणि शरीर काही मीटर लावल्यासारखं चालत नाही. अमेरिका आडवी धावणाऱ्यांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की रोजच्या मॅरेथॉनची सवय झाल्यावर त्यांचा दिवसाचा खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ६०० कॅलरींनी कमी झाला होता. हे कुठलंही घड्याळ मनगटावरून ओळखू शकत नाही. वजनाचा काटा महिनाभरात ओळखतो.

घ्यायचं तर अंतर, वेग आणि चढाईसाठी घ्या, त्यात पैसे वसूल आहेत. कॅलरीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. बायांनो, धावणं वाढलं आणि पाळी चुकली तर 'व्यायामाने होतं असं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मी दोन महिने तेच म्हणत बसले होते.

कॅलरीचं पान मी घड्याळाच्या सेटिंगमधून काढून टाकलंय, अ‍ॅपची जोडणीही तोडलीय. वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री आता दोन भाकऱ्या, भात आणि गूळ-शेंगदाणे, आणि धावून आल्यावर अर्ध्या तासात नाश्ता. सासूबाई पोह्यांचं पातेलं झाकून ठेवतात. वॉरंटी डिसेंबरपर्यंत आहे. २८० रुपयांसाठी बारावा मेल काल पाठवला, उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.