ऑर्डरचं वाळवण: नोकरदार घरात नेमकं काय वाचतं?

होळी जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे व्हॉट्सॲपवर याद्या फिरायला लागतात. उडदाचे पापड, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, ज्वारीचे बिबडे, नागलीचे (नाचणीचे) पापड, शेवया, पुढे किलोचा भाव आणि नोंदणीची शेवटची तारीख. काही याद्या बचत गटांच्या असतात, काही दोघी-तिघी जावा मिळून घरीच करतात. हा आढावा कुठल्या एका गटाचा नाही, या सेवेचा आहे, आणि तोही नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणाऱ्या घराच्या बाजूने. घरचं चवीला सरस की विकतचं, हा वाद सासूबाईंकडे सोपवू. इथे हिशेब रजेचा आहे.

वाळवणाला जे ऊन लागतं, तेच नेमकं नोकरीतल्या सगळ्यात अडचणीच्या दिवसांत पडतं. बँका, पतसंस्था आणि सरकारी कार्यालयांत मार्चअखेर; शाळांत परीक्षा आणि पेपर तपासणी. बरं, पुढे ढकलावं तर आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया येते. माहेरवाशिणी येणार, खापरावरचे मांडे आणि आमरस होणार, आणि ताटात कुरडई-पापड नसेल तर ते ताट पुरं होत नाही. आखाजी २०२५ मध्ये ३० एप्रिलला होती, २०२६ मध्ये १९ एप्रिलला. म्हणजे २०२६ सारख्या वर्षी ३१ मार्चचा ताळा जुळवून हातात तीन आठवडेसुद्धा धड उरत नाहीत. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ८ नैमित्तिक रजा. घरचं सगळं वाळवण करायचं म्हटलं तर त्यातल्या तीन-चार इथेच खर्ची पडतात, आणि मग जुलैत पोराला ताप आला की साहेबासमोर उभं राहायची वेळ येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं आला. ही वर्षभराची सरासरी झाली. चीक शिजवायच्या दिवसाची नव्हे.

सेवा तीन तऱ्हेच्या मिळतात, आणि फरक समजून न घेता पैसे दिले की पस्तावायची पाळी येते. एक, मजुरीवर घरी येऊन पापड लाटून देणाऱ्या बाया. माल आपला, हात त्यांचे. चव आपल्या हातची राहते हे खरं, पण दिवसभर कुणीतरी घरी पाहिजे: पीठ मळून द्या, चहा करा, गच्चीवर खाटा टाका. रजा इथेही जातेच, म्हणून नोकरदाराला याचा उपयोग अर्धाच. दोन, गहू घेऊन गेलं की शेवया पाडून देणारी मशीन. ही स्वस्त, पण गहू ओलवणं, दळून नेणं आणि परत आणून वाळवणं आपल्याच गळ्यात. तीन, सगळं तयार करून किलोवर देणारे गट. पुढचं जे काही आहे ते मुख्यतः या तिसऱ्या तऱ्हेबद्दल.

पैसे पहिल्यांदा कुरडईवर खर्चावेत. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग दळून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी निथळून टाकायचं आणि साधारण चिकाइतकंच पाणी उकळत ठेवून त्यात मीठ-हिंग घालून तो शिजवायचा. हात थांबला की गुठळ्या. गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या, म्हणून सुरुवात पहाटे चार-पाचला. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्यांना वाटतं, बुधवारी गहू भिजवले, शनिवारी चीक काढला, रविवारी पाडल्या की झालं. तसं होतही. अडतं ते सोमवारी. अजून दोन दिवसांचं ऊन बाकी असतं आणि घराला कुलूप. वारं सुटलं, कावळे बसले, अवकाळीचा शिडकावा आला तर गच्चीवर धावणार कोण? आणि पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून आला तो राज्याच्या सरकारी कार्यालयांना, शाळांना नाही. बँकेतल्यांना तर दुसरा-चौथा शनिवारच. म्हणून कुरडई विकत घेण्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

घेताना मात्र एक तळून बघा, नमुना मागायला लाजू नका. नीट जमलेली कुरडई तेलात टाकताच फुलून पांढरी होते. तांबूस निघाली तर चीक नीट गाळलेला नाही, कोंडा उतरलाय. आंबूस वास आला तर पाणी वेळेवर बदललेलं नाही, आणि तो वास तळून जात नाही. पिशवीच्या तळाशी फार चुरा दिसला तर चीक कच्चा राहिलाय. अशी कुरडई वाळतानाच तडकते आणि डब्यात आणखी मोडते.

उडदाच्या पापडात गटागटांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सगळं पापडखारावर, म्हणजे पापड फुलावा म्हणून पिठात घालतात त्या खारावर. किलोभर पिठाला साधारण ३५ ते ४० ग्रॅम. कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर भाजताना लाल पडतो आणि कडवट लागतो. काही ठिकाणी खाराऐवजी खायचा सोडा ढकलतात. पापड फुलतो, पण तेल पितो. उडदात मूग मिसळलेला चालतो, चवही वाईट नसते; फक्त तो सांगून मिसळलेला असावा आणि भावात दिसावा. दुसरी गोष्ट वाळवण्याची. पापड आधी सावलीत सुकवून मग थोडं ऊन दाखवायचं असतं. ऑर्डर जास्त झाल्या की घाईत तो थेट ४३-४४ अंशांच्या उन्हात जातो, कडा वळतात आणि मध्येच चिरतो. म्हणून मार्चच्या मध्यात केलेला पापड एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या पापडापेक्षा बहुधा बरा निघतो. किलोभर पिठाचे मध्यम आकाराचे शंभराच्या आसपास होतात. चौघांच्या घराला वर्षाला दोन किलो पुरतात, पाहुणे फार असतील तर तीन.

बिबडे शहरात वाढलेल्या सुनेला येत नाहीत, म्हणून ते मागवण्यात कुणी नाक मुरडत नाही. ज्वारी ओलवून कांडायची, भिजवून दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची आणि ओल्या कापडावर पातळ थापायची, एवढा खटाटोप सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोण करणार. जाड बिबडा घेऊ नका, तळला तरी मध्ये कडक राहतो. नागलीचे पापड सरळ घ्या. शेवया मशीनवरच्या पुरतात.

आता या सेवेतून जे वाचत नाही, ते. हात वाचतात, डोकं वाचत नाही. कोणाला किती सांगायचं, आगाऊ रक्कम कधी पाठवायची, नणंदेचा वाटा वेगळा काढायचा, तिखट कमी ठेवा म्हणून दोनदा फोन करायचा, हे सगळं बहुतेक घरांत ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बाईच करते. त्यामुळे श्रम गेले तरी व्याप राहतो. यावर उपाय साधा आहे: ऑर्डर नवऱ्याच्या नंबरवरून द्यावी. यादी, पैसे, आणायला जाणं, एक पापड भाजून बघणं, तक्रार करणं, सगळं त्याच्याकडे. पुढच्या वर्षी गटाचा मेसेज त्यालाच येतो आणि आठवण ठेवायचं कामही आपोआप सरकतं. ‘विकतचं आणलं’ हा टोमणाही मग दोघांत वाटला जातो.

नोंदणी फेब्रुवारीअखेर करा, फार तर होळीपर्यंत. अर्धे पैसे आगाऊ देणं रास्त आहे, कारण गटाला गहू-उडीद आधीच भरून ठेवावा लागतो. आखाजीच्या आधीच्या आठवड्याची तारीख मागू नका. तेव्हा सगळ्यांचीच मागणी असते आणि गटातल्या बायांच्याही घरी लेकी आलेल्या असतात. त्या पहाटे चीक शिजवतात, दुपारी उन्हात राखण करतात, संध्याकाळी स्वतःच्या घरचा स्वयंपाक करतात; पोरांची परीक्षा त्यांच्याही घरी आहे. आपली रजा वाचते ती त्यांच्या उन्हावर, तेव्हा भावात किलोमागे वीस रुपयांसाठी घासाघीस करणं बरं दिसत नाही. उशीर झाला तर आधी आभाळ बघा: ढगाळ हवेत दिलेल्या तारखेचा हट्ट धरला की अर्धवट वाळलेला माल पदरात पडतो, आणि पहिल्या पावसात त्याला बुरशी येते.

पाकिटावर अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, केल्याची तारीख आणि निव्वळ वजन असावं. सुटा माल घेतलात तर घरी आल्यावर एक दिवस कडक ऊन द्या, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरा. गरम भरला तर झाकणाला आतून घाम येतो. कुरडईला जागा फार लागते, किलोभर मागवण्याआधी डबा आहे का ते पाहा.

आणि मोडलेल्या कुरडयांचा चुरा वेगळा मिळतो का, ते जरूर विचारा. तो स्वस्तात देतात. पाण्यात भिजवून, निथळून, कांदा-लसूण-तिखटाच्या फोडणीत परतला की वीस मिनिटांत कुरडईची भाजी होते, आणि साडेसातच्या गाडीने भुसावळहून घरी येणाऱ्याला भाकरीसोबत तेवढी पुरते.