आरएसए अ‍ॅड-ऑन, आठ महिन्यांनंतर: ५० किलोमीटर मोजतात कसे?

गाडीचा इन्शुरन्स रिन्यू करताना चारशे रुपये जास्त भरून आरएसए (रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी बंद पडली तर जागेवर मदत) घेतलं, ते दिवाळीत मालवणला जायचं होतं म्हणूनच. ठाण्याहून जवळजवळ पाचशे किलोमीटर, सोबत आई. पंक्चर, जम्पस्टार्ट, गाडीत राहिलेली किल्ली हे सगळ्याच कंपन्यांच्या यादीत असतं, त्यामुळे जे स्वस्त होतं ते घेतलं. जुलैत सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅटरी बसली, तेव्हा चाळीस मिनिटांत माणूस आला आणि एक पैसाही घेतला नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

दिवाळीत राजापूरच्या अलीकडे डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. मग हेडलाइट मंद झाले, स्टीअरिंग जड झालं. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता. फोन लगेच लागला, दोन तासांत फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारी टो-गाडी, आली. ती मी हट्टाने मागितली होती. गाडी ऑटोमॅटिक आहे, पुढची चाकं रस्त्यावर फिरत टोचन करून नेली तर गिअरबॉक्सची वाट लागते. ड्रायव्हरदादांनी चारही चाकांना पट्टे आवळले, एकेक ओढून पाहिला, आणि आईला केबिनमध्ये चढताना हात दिला. त्यांच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही.

संताप आला तो बिलाचा. रत्नागिरीचं सर्व्हिस सेंटर तिथून ५८ किलोमीटर. पॉलिसीत ५० मोफत, पुढे तीस रुपये किलोमीटर. म्हणजे २४० रुपये. हातात बिल आलं १,९८० चं! कॉल सेंटरवाली म्हणाली, "सर, अंतर जाऊन-येऊन धरतात." पॉलिसीचं पान मी तिथेच मोबाइलवर उघडलं. 'बिघाडाच्या ठिकाणापासून' एवढंच लिहिलंय, परतीचा उल्लेख कुठेच नाही. रात्री आईला घेऊन रस्त्यात कोण भांडणार? भरले.

घरी आल्यावर पॉलिसीचं ते पान आणि बिल जोडून मेल केला. दोनदा "नियमानुसार" असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, तेव्हा तीन आठवड्यांनी १,७४० रुपये परत आले. त्यामुळे एका स्टारवरून तीनवर आलोय.

कोकणात जाणार असाल तर घेण्याआधी एवढंच मेलवर लेखी विचारा: किलोमीटर एकेरी की दुहेरी, आणि फ्लॅटबेड मिळणार का. फोनवरच्या "हो सर"वर जाऊ नका. मी मार्चच्या रिन्यूअलसाठी १०० किलोमीटरवाला प्लॅन बघतोय. दीडशे रुपये जास्त आहेत, पण देईन. मेल आजच टाकलाय.