मडगाव ते फातर्पा, कुंकळ्ळी आणि परत: एका दिवसाची भाड्याची गाडी

आधी व्यवहाराचं सांगते. सकाळी सात ते दुपारी तीन, आठ तासांचे साडेतीन हजार रुपये, पेट्रोल धरून. थांबण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. गाडी छोटी, स्वच्छ. एसीचा गारवा मागच्या सीटपर्यंत पोचत नाही, तेव्हा वयस्कर माणसाने पुढे बसावं. चालक पन्नाशीचे, कुंकळ्ळीचेच, धर्माने ख्रिस्ती. गाडीत समोर क्रूस टांगलेला आणि त्याच्या खालच्या कप्प्यात फातर्प्याच्या देवळातलं कुंकू, कागदाच्या पुडीत. आधी फोनवर ठरवलेली दुसरी एक गाडी त्या दिवशी आलीच नव्हती. उत्सवाचा दिवस, मडगावात रिक्षाही मिळेना. हे गृहस्थ दुसरं भाडं सोडून आले नाहीत, पण ते संपवून वीस मिनिटांत आले, आणि वाट पाहायला लावल्याबद्दल आधी माफी मागितली.

दिवस होता होळीपौर्णिमेनंतरच्या पंचमीचा. त्या दिवशी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याहून पालखीत बसून आपल्या मूळ गावी, कुंकळ्ळीला येते. सोबत बारा वांगडांच्या बारा छत्र्या. वांगड म्हणजे गावकऱ्यांची मूळ कुळं. गुलालाने रस्ता, कपडे, झाडांची खोडं सगळं लाल होतं. हे पाहायला मी सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा गेले, आणि का गेले ते सांगितल्याशिवाय या गाडीचं मोल कळणार नाही.

माझे वडील 1952 साली गोव्यातून, हद्दीवरच्या कॅसलरॉक स्टेशनवरून गिरगावात आले. 1955 च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहानंतर येणंजाणं जवळपास बंदच झालं. आजी गेली तेव्हा त्यांना जाता आलं नाही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी फातर्प्याला जाऊन देवीची ओटी भरवली. ते म्हणायचे, आपली देवीसुद्धा घर सोडून गेलेली आहे, म्हणून तिला आपलं दुःख कळतं. लहानपणी मला हे नुसतं भाविक बोलणं वाटायचं. पण ते अक्षरशः खरं आहे. 1567 मध्ये पोर्तुगिजांनी गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली देवळं पाडली. कुंकळ्ळीची देवी तेव्हा त्यांच्या हद्दीबाहेर असलेल्या फातर्प्याला गेली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. कुठ्ठाळीचा मंगेश त्याआधीच, 1560 मध्ये प्रियोळला गेला होता.

नाश्त्याला चालकांनी रस्त्यालगतच्या एका साध्या हॉटेलात नेलं. पातळ भाजी आणि पाव, गरम, कडक कवचाचा. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याची गोष्ट वडील सांगायचे, आणि तेच वडील रविवारी इराण्याकडून पाव आणायला मला पाठवायचे. पाव हा शब्दच पोर्तुगीज. बटाटा, चावी, पगार हेही. हे मी चालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आंटी, पोदेर (पाववाला) सकाळी सायकलवरून भोंगो वाजवत येतो, तेव्हा कोण हिंदू कोण किरिस्तांव बघत नाही. भूक लागलेला उठतो." पावाला पाच तारे, भाजीला तीन. मीठ कमी होतं.

कुंकळ्ळीत त्यांनी न विचारता दोन ठिकाणी गाडी थांबवली, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या सेवेतला हा सगळ्यात मोलाचा भाग. एक, जुलै 1583 मध्ये इथे मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांचं, म्हणजे एका ख्रिस्ती संघाच्या धर्मप्रचारकांचं स्मरणस्थान. त्यांच्यातले रुदोल्फो आक्वाविवा नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. फत्तेपूर सिक्रीत वेगवेगळ्या धर्मांच्या पंडितांशी ते बसून वाद घालत, आणि बादशहा ऐकत असे. तिथून आलेला माणूस साष्टीत देवळं पाडणाऱ्या सत्तेच्या सोबत आला आणि कुंकळ्ळीच्या लोकांनी त्याला त्या सत्तेचाच माणूस मानलं. 1893 मध्ये पोपनी या पाचांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली.

दुसरं ठिकाण गावच्या नायकांच्या स्मारकाचं. त्या हत्येनंतर बोलणी करायची म्हणून पोर्तुगिजांनी या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. एकच जण साळ नदीत उडी टाकून निसटला, असं सांगतात. आसपासच्या गावांच्या जमिनी जप्त झाल्या. स्वतःला गावकर म्हणवणाऱ्यांना आपल्याच शेताचा खंड भरावा लागला, हे चालक सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज बदलला. पहिल्या ठिकाणी त्यांनी क्रूसाची खूण केली होती. दुसऱ्या ठिकाणी चपला काढल्या. मी काही विचारलं नाही, तरी स्वतःहून म्हणाले, "ते आमच्या धर्माचे. हे आमच्या घरचे."

मग पालखी आली. ढोलांनी कान बधिर झाले. गर्दीत क्रूस घातलेल्या बायका मला दिसल्या, हात जोडलेल्या. एकीने देवीला मोगऱ्याची फाती, म्हणजे गजरा दिला. मुंबईत आम्ही ज्याला सहिष्णुता म्हणतो, म्हणजे तुझं तू कर, माझं मी करते, ते इथे नव्हतं. ती बाई कुणाचं काही सहन करत नव्हती. ती आपल्या आईला भेटायला आली होती. चालकांनाही मी विचारलंच. "ती आमची आवय," एवढंच म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून: "तुमचो वांगड खंयचो?"

मला माहीत नव्हतं. चारशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या घरातल्या त्यांना स्वतःचा वांगड तोंडपाठ होता, आणि ओटीचं साहित्य घेऊन आलेल्या मला नव्हता. मला फार लाज वाटली. तिथूनच भावाला फोन लावला. त्यालाही ठाऊक नाही. वडिलांच्या ट्रंकेत कागद असतील म्हणाला.

यात माझी एक तक्रार आहे, ती गाडीबद्दल नाही. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार अजून 1933 च्या पोर्तुगीज कायद्याने चालतो. मामलेदार त्यांचा प्रशासक असतो. बहुतेक ठिकाणी महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्काचे सभासद, पुरुषच, म्हणून वडिलांनी घरच्या कागदांबद्दल भावाला सांगितलं आणि मला कधी सांगितलं नाही. ज्या राजवटीने आधी देवळं पाडली तिनेच पुढे त्यांच्या कारभाराचे नियम लिहिले, आणि मुक्तीनंतर इतकी वर्षं झाली तरी मुलीला तिच्या कुळाचं नाव दुसऱ्याकडून विचारावं लागतं. हे बदलायला हवं, आणि ते देवस्थानांनीच मनावर घ्यायला हवं.

परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमुळे पाऊण तास जास्त लागला. वाढीव पैसे देऊ केले, घेतले नाहीत. त्या कप्प्यातली कुंकवाची पुडी मात्र त्यांनी मला दिली. म्हणाले, "माझ्याकडे जत्रेला परत येईल."

पंचमीच्या दिवशी जाणार असाल तर गाडी पंधरा दिवस आधी ठरवा. पाणी भरपूर न्या, पांढरे कपडे नेऊ नका. आणि निघण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला तुमचा वांगड विचारून घ्या. गाडीत बसताच विचारतील.