घरकुलाच्या 'टोकन'पायी गेलेले 1,70,000 रुपये

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आमच्या झोपडीत कंबरेपर्यंत चढले. नदीकाठी दुसरा पावसाळा काढायचा नाही, असे मी तेव्हाच ठरवले होते, आणि दिवाळीत दारात आलेल्या दलालाने माझी हीच घाई हेरली. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अनुदान असते, हे त्याने सांगितले आणि ते खरेच आहे; खोटे एवढेच होते की, सोडतीतून रद्द झालेली घरे 'साहेबांच्या कोट्यातून' मिळतात.

टोकन 11,000, फाईलचे 50,000, 'अनुदान वळते करण्याचे' 74,000 आणि ताब्याआधीचे 35,000, असे एकूण 1,70,000 रुपये मी मार्च 2024 पर्यंत दिले. त्यातले 74,000 बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवून आणले होते.

पहिल्याच दिवशी क्यूआर स्कॅन करताना मोबाइलवर एका साडी सेंटरचे नाव उमटले होते. सरकारी घराचे पैसे साड्यांच्या दुकानात कसे जातात, हे मी विचारलेही. "भाऊ, साहेबांचे नाव कुठे यायला नको ना," या उत्तरावर मी गप्प बसलो, कारण आपण वशिल्याचे पैसे देत आहोत हे मलाही कळत होते. मी बारावी झालेला माणूस आहे, अडाणी नाही; परंतु ज्याची लेकरे दोन महिने ओल आलेल्या भिंतीशी झोपली, त्याने त्या नावाकडे डोळेझाक का केली, हे कोरड्या घरात बसून विचारू नये. घर देणाऱ्या सरकारी संस्थेच्या स्वतःच्या बँक खात्याशिवाय कुठेही एक रुपयाही भरू नका. दलालाने दिलेल्या वाटपपत्रावर सोडतीची तारीखच नव्हती, हेही मी पाहिले नाही.

फसवणूक कळल्यावर पोलीस ठाण्यात गेलो, तर मला सांगण्यात आले की, पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, हा दिवाणी वाद आहे. दुसऱ्या ठाण्याने हद्दीचे कारण देऊन मला पहिल्याकडेच परत पाठवले. घरकुल योजनेच्या कार्यालयात तर वाटपपत्रावरचा शिक्का आमचा नाही म्हणून अर्जच घेईनात. शिक्का तुमचा नाही हीच माझी तक्रार आहे, असे सांगताना माझा आवाज चढला, तेव्हा शिपायाने मला दाराबाहेर काढले. अशा नऊ खेपांत माझी नऊ दिवसांची मजुरी बुडाली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी चार महिन्यांनी केला. नोटरीच्या कागदाने घर नावावर होत नाही, त्यासाठी नोंदणीच लागते. अर्जाची पोच हट्टाने मागा. माझ्या हाती आज तेवढी एक पोच आहे, आणि मंगळसूत्रावरचे दरमहा 1,480 रुपये व्याज मी अजून भरतो आहे.